दीड ते दोन बंद

सोमवार, ३ फेब्रुवारी

दादा आज भर सकाळी, दुकानाच्या वेळेत घरी आला, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. बसला नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "मास्तरीण, मोबाइलच्या कव्हरवाल्याला माझी सकाळची वेळ हवी आहे. मार्चअखेर देऊन टाकतो."

मास्तरीण म्हणजे मी, लहानपणापासून सगळ्यांच्या चुका काढते म्हणून. मी म्हटलं, "आणि तू काय करणार?"

"झोपणार."

गिऱ्हाईक येत नाही म्हणे. का येत नाही, तर फोनमध्ये आपल्या दुकानाखाली 'वेळ उपलब्ध नाही' असं येतं, आणि हल्ली लोक फोनला विचारल्याशिवाय उंबरठाही ओलांडत नाहीत. हे त्याचं म्हणणं. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मनात म्हटलं, पण तोंडाने म्हटलं, "मी बघते." झालं. घरचं थोडं होतं का माझ्यामागे? दातांच्या डॉक्टरांचं वेबपान मी बनवतेय ते अर्धं पडलंय, आईचं सगळं मलाच बघायचं, त्यात ही भर.

एकदा लिहून ठेवते, म्हणजे माझ्याही डोक्यात नीट बसेल. दुकान बाबांचं. बाबा गेल्यावर दोघा भावांनी ते वाटून घेतलं, पण भिंत घालून नाही, घड्याळाने. सकाळी नऊ ते दीड दादा. शिलाई मशीनची दुरुस्ती. दुपारी दोन ते रात्री आठ बारक्या. मिक्सर, पंखे, जे फिरतं ते. दीड ते दोन शटर खाली, म्हणजे एकाने दुसऱ्याचं तोंड बघायला नको. जाताना जो तो आपल्या हत्यारांवर जुनी चादर टाकून जातो, जणू दुसरा पान्हा पळवणार आहे. कारण काय, तर बाबा गेले त्या दिवशी बारक्या दवाखान्यात बसला होता आणि दादाने दुकान उघडं ठेवलं होतं. बारक्याने ते गिळलं नाही आणि दादाने कधी उलगडून सांगितलं नाही.

ती सकाळ त्या कव्हरवाल्याकडे गेली की दोघांत सामाईक काय उरणार? मी आणि आई. आई किती दिवसांची, आणि मी तर आत्ताच दमले आहे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

वेळा विचारायला गेले. यंत्राला नुसतं 'सकाळ-संध्याकाळ' चालत नाही. दुकानाच्या वेबपानावर माणसांसाठी आपण काहीही लिहू, पण त्याच पानाच्या पोटात, एचटीएमएलमध्ये, यंत्रासाठी वेगळं लिहावं लागतं: कुठला वार, किती वाजता उघडतं, किती वाजता बंद होतं. ते माणसाला दिसत नाही. ते वाचून फोन ठरवतो की दुकान 'आता उघडं आहे' की नाही. इतकं साधं आहे, पण दुकानदाराच्या तोंडून एक नेमकी वेळ काढायची म्हणजे दात उपटण्यापेक्षा अवघड.

दादा म्हणाला, "लिही नऊ. सव्वानऊही होतात कधी. पण नऊ लिही." हल्ली शटर जड झालंय म्हणे, तेल द्यायला हवं.

बारक्याला दुकानाआधी त्याच्या घरीच गाठलं. तो म्हणाला, "दोन म्हणजे दोनच लिही, ताई. आधी नको. तो कधीकधी उशिरा निघतो."

"तुला काय माहीत?"

"कोपऱ्यावरून दिसतं मला. हल्ली फार हळू चालतो. कडीला कुलूप घालायलाच पाच मिनिटं लावतो." आणि मग उगाच माझ्यावर डाफरला, "तुला काय करायचंय? तू तुझं दोन लिही!"

दोन लिहिलं. मला काय करायचंय?

दुपारी आईला पावणेदोनची गोळी द्यायला परत आले. रोजच्यासारखं युद्ध. तोंड मिटून बसते आणि विचारते, "दुकान उघडं आहे का गं?" मी म्हणते, "बंद आहे आई, ही मधली वेळ." की लगेच मान फिरवते. बाबांच्या वेळी दुकान नऊ ते आठ सलग असायचं, पावणेदोनला ती डबा घेऊन जायची. तेच डोक्यात राहिलंय. समजावून थकले.

सोमवार, १० फेब्रुवारी

केलं एकदाचं. आधी दादाचं लिहिलं आणि दुपारचे दीड म्हणून सरळ ०१:३० टाकलं. यंत्राला दुपार कळत नाही, चोवीस तासांचं घड्याळ कळतं. तपासणीच्या पानावर टाकलं, तर ते सांगायला लागलं की दादाचं दुकान सकाळी नऊपासून रात्री दीडपर्यंत उघडं! दातांच्या डॉक्टरांनाही एकदा असंच रात्रभर जागवलं होतं मी. ते १३:३० केलं.

मग दादाचा सगळा तुकडा उचलून खाली चिकटवला आणि त्यात बारक्याचं भरलं: नाव, काम, १४:०० ते २०:००. रविवार दोघांचाही बंद. पुन्हा तपासणीच्या पानावर टाकून बघितलं, हिरवी खूण आली. चूक शून्य. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला बरोबर म्हटलं, ते यंत्राने.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

फोनमध्ये वेळ दिसायला लागली. दादाकडे आज दोन मशीन आली. "आली," एवढंच म्हणाला फोनवर. त्याच्या भाषेत हे कौतुक.

मी म्हटलं, "मग कव्हरवाल्याला नाही सांग."

"बघू," म्हणाला.

बुधवार, १९ फेब्रुवारी

कप्पाळ माझं.

संध्याकाळी बारक्याचा फोन, आवाज चढलेला. "ताई, माझ्यासमोर एक बाई शिलाई मशीन घेऊन उभी आहे! फोनमध्ये उघडं दाखवतंय म्हणते. मी काय करू?" चौकातली पडदे शिवणारी बाई, दादाचं जुनं गिऱ्हाईक. मी म्हटलं, तिला सकाळी यायला सांग. तो म्हणाला, "एवढं धूड उचलून आली आहे बिचारी, परत कशी पाठवू?" आणि फोन आपटला.

सकाळी दादाकडे कुणी मिक्सर घेऊन गेलं होतं, हेही मग कळलं. फोन उघडून बघते तर काय, दोन दुकानांचं एकच झालंय! नाव एक, कामं सगळी एकत्र, आणि वेळ नऊ ते दीड, दोन ते आठ. मशीनवाले मिक्सरच्या वेळेला, मिक्सरवाले मशीनच्या वेळेला. पुन्हा तपासलं. हिरवी खूण. चूक शून्य.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. ज्यांनी एकमेकांचं तोंड बघू नये म्हणून शटर पाडलं, त्यांची गिऱ्हाइकं मी एकमेकांच्या गळ्यात घातली.

रविवार, २३ फेब्रुवारी

रविवारी दोघं आईला भेटायला येतात. दादा सकाळी, बारक्या संध्याकाळी. इथेही पाळी.

सकाळी दादा. मी आधीच माफी मागितली. तो म्हणाला, "त्याचा मिक्सर घेतला ठेवून. परत पाठवला असता तर म्हणाला असता, दादाने गिऱ्हाईक तोडलं." मग चहा घेता घेता म्हणाला, "आतून जळल्याचा वास येत होता. बाबा म्हणायचे ना, मोटरमधले ब्रश झिजले की येतो, तसा." कप दोन्ही हातांनी धरून पीत होता. घरात गारठा आहे खरा, आईची खिडकी बंद केली पाहिजे.

संध्याकाळी बारक्या. त्याचीही माफी मागितली. तो म्हणाला, "असू दे गं." बारक्या, आणि असू दे! मला तर भीतीच वाटली. फार चिडला की तो असा गप्प होतो.

आईने दोघांनाही विचारलं, दुकान उघडं आहे का. दोघांनीही सांगितलं, आज रविवार.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

भाजी घेताना पडदेवाली भेटली. मी तोंड लपवत होते, पण तिने गाठलंच. म्हणाली, "तुमच्या भावाला सांगा, काम अगदी झकास झालं. गेल्या दोन वेळा टाके सुटत होते, घरी नेलं की दुसऱ्या दिवशी तेच रडगाणं. या खेपेला लोण्यासारखं चालतंय. हात सुधारला हो त्यांचा!"

चला, एक तरी बरी बातमी. लगेच दादाला फोन करून सांगितलं, जरा हुरूप येईल म्हणून. म्हटलं, "बघ, तुझ्या कामाची तारीफ चाललीय चौकात."

 तो म्हणाला, "हं." आणि फोन ठेवला. तारीफ पचत नाही ह्या माणसाला. बाबांवर गेलाय.

मंगळवार, ४ मार्च

आज सकाळी दुकानात जाऊन बसले. म्हटलं, चूक पानात सापडत नाही, निदान दुकानात तरी काय गोंधळ चाललाय ते डोळ्यांनी बघू.

दादाने मला बघताच सुई पुढे केली. "ओव गं जरा, चष्मा विसरलोय." चष्मा त्याच्या खिशात होता. मी दाखवला तर म्हणाला, "तो जुना आहे." समोर मशीन उघडून ठेवलेलं, सगळे स्क्रू वाटीत काढलेले, आणि हा नुसता बघत बसलेला. मी विचारलं, "लावत का नाहीस?" तर म्हणाला, "घाई काय आहे?" मार्चअखेर दुकान सोडतोय, त्याचं लक्ष कशाला लागेल? मन उडालंय त्याचं. मला इतकं वाईट वाटलं.

आणि भांडण तर आता लेखी झालंय. दुरुस्तीच्या वस्तूला पुठ्ठ्याचा तुकडा तारेने बांधायची बाबांची पद्धत, त्यावर गिऱ्हाइकाचं नाव. त्या मिक्सरच्या पुठ्ठ्यावर दादाच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं: 'ब्रश गेलेत. मोटर ठीक.' त्याखाली बारक्याचं: 'माहीत आहे.' त्याखाली दादाचं: 'मग कर.' एका पंख्यावर बारक्याचं: 'हा तुझ्या ओळखीचा आहे म्हणे, फुकट करा सांगतोय.' आणि दादाचं: 'ओळखीचा नाही. फुकट नको.' इतकी वर्षं निदान शांतता होती. माझ्यामुळे पुठ्ठ्यावर हमरीतुमरी चालू झाली.

निघताना दादा चादर टाकायला विसरला. मी आठवण केली तर म्हणाला, "राहू दे, धूळच तर आहे." इतकं निराश झालेलं मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

शनिवार, ८ मार्च

सापडलं! एक ओळ!

प्रत्येक दुकानाला पानाच्या पोटात एक ओळख द्यावी लागते. नाव, वेळ, काम काहीही सारखं असू दे, ती ओळख वेगळी असली की यंत्र समजतं, ही दोन निराळी. मी दादाचा तुकडा उचलून बारक्याला चिकटवला, सगळं बदललं, आणि नेमकी तीच ओळ तशीच ठेवली. दोघांची ओळख एक. यंत्राला वाटलं, हे दोघे एकच आहेत, मीच दोनदा लिहिलंय. त्याने इमानेइतबारे जोडून टाकलं. म्हणून हिरवी खूण! लिहिणं शुद्ध होतं, चूक यंत्राला कशी कळणार? त्याला काय माहीत, आमच्या घरी काय आहे ते.

बारक्याच्या ओळखीपुढे दोनचा आकडा घातला. पाठ इतकी दुखतेय की सरळ उभं राहवत नाही, पण आज झोप लागेल.

शुक्रवार, १४ मार्च

फोनमध्ये दोन दुकानं दिसायला लागली. मशीनवाले सकाळी, मिक्सरवाले दुपारी. दोघांनाही आपणहून फोन करून सांगितलं की निस्तरलं सगळं. दादा म्हणाला, "बरं." बारक्या तर काही न बोलता फोन ठेवून मोकळा झाला. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ते हेच. एवढी मरमर केली, एकाच्याही तोंडून 'बरं केलंस' नाही.

सोमवार, १७ मार्च

पडदेवाली दारात आली होती, रागाने लाल. परवा सकाळी मशीन दिलं, आज घरी नेलं, पुन्हा टाके सुटतात. म्हणाली, "मागच्या वेळी इतकं चांगलं केलं, मग आता काय धाड भरली?" मी काय सांगणार? लोकांना कधी समाधान असतं का?

कव्हरवाला दुकानाची मापं घेऊन गेला.

मंगळवार, १८ मार्च

बारक्या आला होता. मंगळवारी, स्वतःच्या वेळेत, दुकान बंद ठेवून. आल्या आल्या म्हणाला, "ते नीट का केलंस तू?"

मी उसळलेच. "अरे, काय माणूस आहेस का कोण? चूक होती, काढली! आणखी काय करायला हवं होतं?"

तो खुर्चीत बसला आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग म्हणाला, "ताई, दादाचे हात थरथरतात. तुला दिसत नाही?"

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"स्क्रू धरता येत नाही त्याला. सुई ओवता येत नाही. वर्ष झालं असेल. म्हणून गिऱ्हाईक तुटलं, फोनबिन काही नाही. ती पडदेवाली त्या दिवशी माझ्याकडे आली ना, ते मशीन मी केलं. नंतरचीही सगळी मीच केली. संध्याकाळी येणारी तर माझ्याच हातात यायची. मग सकाळची पण तो नुसती उघडून ठेवायला लागला, स्क्रू वाटीत काढून. मी संध्याकाळी लावायचो. तो काही बोलला नाही, मी काही बोललो नाही."

"मग आताही कर की! कुणी अडवलंय?"

"आता कसं करू? आता ती त्याची गिऱ्हाइकं, त्याच्या वेळेची. त्याच्या मनाला लागेल ते. तुझ्या यंत्राने घोळ घातला होता तोवर कुणाचं काय ते कळत नव्हतं, म्हणून चाललं होतं. मी 'दादा, दे, मी करतो' म्हणू? आणि तो देईल?" मग थांबून म्हणाला, "आणि तो मिक्सर त्यानेच वासावरून ओळखला. मी मोटर बदलून टाकणार होतो."

मी विचारलं, "तुझा राग गेला का रे त्याच्यावरचा?"

"नाही," म्हणाला. "पण त्याला त्या कडीशी झगडताना बघवत नाही मला. रोज कोपऱ्यावर उभा राहून बघतो. एकदा तर पाऊल पुढे टाकलं होतं."

तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. दोन हातांनी धरलेला कप माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी उठून खिडकी बंद करायला निघाले होते! स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मग संगणक उघडला आणि बारक्याच्या ओळखीपुढचा दोनचा आकडा खोडला. तपासून बघितलं. हिरवी खूण.

शनिवार, २२ मार्च

दादाला जाऊन सांगितलं, "दादा, तो घोळ पुन्हा झालाय. माझ्याच्याने निघत नाही."

तो वाटीतले स्क्रू बोटाने फिरवत होता. वर न बघता म्हणाला, "झालाय, की घातलास?"

"झालाय."

"मग राहू दे," म्हणाला. जरा वेळाने विचारलं, "बारक्या येऊन गेला वाटतं."

मला आणखी खोटं बोलवत नव्हतं आणि खरं सांगवत नव्हतं. मी शटरला तेल दिलं आणि निघाले.

गुरुवार, २७ मार्च

घोळ झाला पुन्हा, देवाची कृपा. सकाळी दादाकडे दोन मिक्सर आणि एक पंखा. संध्याकाळी बारक्याकडे पडदेवाली. मी मात्र जीव मुठीत धरून आहे. कव्हरवाला सोमवारी चावी न्यायला येणार आहे आणि दादा त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

सोमवार, ३१ मार्च

दुपारी आईच्या गोळीची तयारी करत होते आणि दादाचा फोन आला. मला वाटलं, दिली चावी.

"मास्तरीण, फोनमध्ये दीड ते दोन बंद का दाखवतं?"

"बंदच असतं ना, दादा."

"आता कुठे बंद आहे? पडदेवाली आत्ता मशीन घेऊन यायची होती, बंद बघून थांबली म्हणे. बदल ते."

मी विचारलं, "आणि कव्हरवाला?"

"आला होता. परत पाठवला. ऐक, मला वेळ नाही..." आणि मागून बारक्याचा आवाज ऐकू आला, चांगला वैतागलेला: "दिवा सरळ धर ना! मला स्क्रू दिसत नाहीये."

"धरलाय की!"

"हलतोय."

"मग टेबलावर टेकवून धरतो. तू बोलू नकोस, दोऱ्याचा ताण अर्धा वळसा सैल कर आधी. अर्धा म्हटलं! बाबा असते तर टपली मारली असती."

"ते गेले तेव्हा तू होतास कुठे?"

मी फोन कानाशी घट्ट धरला.  मग दादा म्हणाला, "त्यांनीच बसवलं होतं मला. म्हणाले, कुणाचं तरी मशीन कबूल केलंय, तू दुकान बंद करू नकोस. मला वाटलं, अजून वेळ आहे."

वाटीत एक स्क्रू पडल्याचा आवाज आला. मग बारक्या म्हणाला, "दिवा जरा डावीकडे." फोन तसाच चालू राहिला होता. मी हळूच ठेवून दिला.

लगेच पान उघडलं. दोन वेगळ्या वेळा पुसल्या, एकच लिहिली. ०९:०० ते २०:००. मधलं काही नाही. फोनमध्ये यायला दोनचार दिवस जातील, पण मला तेवढा धीर नव्हता.

गोळी घेऊन आईकडे गेले. तिने तोंड मिटून घेतलं आणि विचारलं, "दुकान उघडं आहे का गं?"

"उघडं आहे, आई."

तिने माझ्याकडे निरखून बघितलं. "कोण आहे दुकानात?"

"दोघंही आहेत."

आईने हात पुढे केला, गोळी घेतली आणि मुकाट्याने पाण्याबरोबर गिळली. मग म्हणाली, "मग डबा दोघांचा दे."